पावती जपून ठेवावी

अमेरिकेच्या न्यायखात्याचे एक दरपत्रक आहे. त्याचे नियम २००६ साली लागू झाले. औषधोपचार, शस्त्रक्रिया, दात बसवणे आणि निकामी झालेले हातपाय पुन्हा चालते करणे यांसाठी ५०,००० डॉलरपर्यंत. मनावरच्या उपचारांसाठी ५,००० पर्यंत, आणि तेही बारा महिन्यांचेच. हरवलेल्या, नष्ट झालेल्या किंवा पुरावा म्हणून पोलिसांनी ठेवून घेतलेल्या वस्तूंसाठी १०,०००. अंत्यविधीसाठी २५,०००. आणि उरलेसुरले, म्हणजे घरच्यांचा तातडीचा प्रवास, मुक्काम, टॅक्सी, टेलिफोन यांसाठी १५,०००. देशाबाहेर दहशतवादी हल्ल्यात सापडलेल्या अमेरिकन माणसाला, किंवा तो हयात नसेल तर त्याच्या कुटुंबाला, पदरचा झालेला खर्च या दराने परत मिळतो.

दिवाळीच्या अंकात, चकलीचा तुकडा मोडता मोडता वाचावा असा हा मजकूर नव्हे, हे मला कळते. पण वाचकहो, २००८ सालापासून मुंबईकराची दिवाळी सरली की पाठोपाठ २६ नोव्हेंबर येतोच. त्या तीन दिवसांत जे १६६ लोक मारले गेले त्यांत सहा अमेरिकन होते. शिवाजी टर्मिनसच्या फलाटावर गोळी खाल्लेल्या आपल्या माणसाच्या घरी आपले सरकार गेले. ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाऊस येथे मेलेल्या परक्या माणसांच्या घरी त्यांची सरकारे कोणत्या कागदानिशी गेली असतील, या कुतूहलापोटी मी या दरपत्रकापर्यंत पोहोचलो. आणि एकदा त्यात शिरल्यावर बाहेर पडणे कठीण झाले. कायद्याचा मजकूर सहसा रूक्ष असतो अशी आपली समजूत. परंतु अंत्यविधीच्या खर्चाची व्याख्या करताना या नियमांनी शव शीतपेटीत ठेवणे, ते विमानाने आणणे, अस्थिकलश, थडग्यावरचा दगड आणि फुले, इतके सगळे एकामागून एक मोजून लिहिले आहे. फुलांपर्यंत येऊन पोहोचलेला तो कारकून कोण असेल, असा विचार माझ्या मनात अजून येतो.

आता या योजनेचा स्वभाव पाहा. ती खर्च देते. नुकसानभरपाई देत नाही. आपण मराठीत हे दोन्ही एकाच दमात बोलतो, तिकडे मात्र ते काटेकोरपणे वेगळे केलेले आहेत. बुडालेला पगार मिळत नाही. सोसलेल्या वेदनेबद्दल काही नाही. वकिलाची फी नाही. विमा कंपनीने किंवा दुसऱ्या कोणी जे दिले असेल ते वजा करून उरलेल्या खर्चापुरतेच सरकार उभे राहते; म्हणजे सगळ्यांची दारे ठोठावून झाल्यावर यायचे हे शेवटचे दार. हल्ला खरोखर आंतरराष्ट्रीय दहशतवादाचा होता असा न्यायखात्याचा निर्वाळा लागतो. घटनेपासून तीन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो, सबळ कारण असेल तर मुदत वाढू शकते. निकडीच्या वेळी थोडी रक्कम आगाऊही मिळते. आणि जिथे तिथे पावती लागते. पावती गहाळ झालीच असेल तर खर्चाची तपशीलवार यादी करून ‘हे सत्य आहे’ अशा सहीनिशी देण्याची वाट ठेवलेली आहे. ती मान्य करायची की नाही हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर.

मुंबईत भाजीवाल्याकडे किंवा रिक्षावाल्याकडे पावती मागणारा माणूस आपण पाहिला आहे काय? बॉम्ब फुटल्यावर, भाऊ कोणत्या इस्पितळात आहे हे ठाऊक नसताना, चार इस्पितळांतून वणवण करणाऱ्या माणसाने प्रत्येक टॅक्सीवाल्याकडून कागद घ्यावा, अशी अपेक्षा करणारा नियम हसू आणतो खरा. पण हसून झाल्यावर दुसरी बाजूही दिसते. ज्या सरकारने ‘टॅक्सी’ आणि ‘टेलिफोन’ हे शब्द नियमात लिहिले, त्याने अशा वेळी माणूस काय करतो याचा विचार तरी केला. नातेवाइकांपैकी दोघांचा विमानप्रवास आणि तीस दिवसांपर्यंतचा मुक्काम त्याने धरला. एकटीच आई परमुलखात धाडली तर तिचे काय होईल, हे त्याला उमगले होते.

भाषेचा मास्तर असल्यामुळे इथे थोडी वाट सोडतो. ‘भरपाई’ हा शब्द आपण आज ‘नुकसान भरून काढणे’ या अर्थी वापरतो. जुन्या देवघेवीच्या कागदांत भरपाई म्हणजे पुरी रक्कम पावल्याची कबुली, म्हणजे पावतीच. ‘भरून पावलो’ असे आपण कंटाळून म्हणतो, त्याच्याही मुळाशी हाच व्यवहार आहे. देणेकऱ्याने पै न् पै चुकती केली, आता माझे तुझ्याकडे काही येणे नाही, असे लिहून देणे म्हणजे भरपाई. या अर्थाने पाहिले तर ज्याचा मुलगा गेला त्याच्याकडून भरपाई लिहून घेण्याचा अधिकार जगातल्या कोणत्याच सरकारला नाही. अमेरिकन योजनेने तो शब्दच टाळला आणि ‘खर्चाची परतफेड’ एवढेच नाव घेतले, हा मला तिचा मोठेपणा वाटतो. शवपेटीला इतके लागले, घ्या. पेटीतल्या माणसाबद्दल आम्ही काही बोलत नाही.

बोलायला गेले की काय होते, तेही त्याच देशाने पाहिले आहे. २००१ सालच्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर घरच्या भूमीवर मेलेल्यांसाठी वेगळा निधी काढण्यात आला आणि केनेथ फाइनबर्ग या वकिलाच्या हाती तो सोपवला गेला. मेलेला माणूस पुढे किती कमावणार होता याचा हिशेब कायद्यानेच त्याला करायला लावला. दलालीच्या पेढीतला गृहस्थ आणि हॉटेलात भांडी घासणारा नोकर एकाच इमारतीत, एकाच सकाळी गेले. पण एका घरी अडीच लाख डॉलर गेले आणि दुसऱ्या घरी सत्तर लाखांवर. २,८८० कुटुंबांचे हिशेब करून झाल्यावर फाइनबर्ग यांनी स्वतःच लिहिले की पुन्हा अशी वेळ आली तर सगळ्यांना सारखेच द्यावे. हजारो विधवांसमोर बसून गणित केलेल्या माणसाचे हे मत आहे, खुर्चीतल्या तत्त्वज्ञाचे नव्हे.

खर्चाच्या योजनेतला पैसा येतो कोठून, हीदेखील ऐकण्यासारखी गोष्ट आहे. तो करदात्याच्या खिशातून येत नाही. १९८४ साली अमेरिकेने गुन्ह्यांना बळी पडलेल्यांसाठी एक निधी काढला. मध्यवर्ती सरकारच्या न्यायालयांत दोषी ठरणाऱ्यांकडून वसूल झालेला दंड त्यात जमा होतो. त्यातूनच दहशतवादाच्या प्रसंगासाठी पाच कोटी डॉलरपर्यंतची राखीव गंगाजळी बाजूला ठेवलेली असते. दंड भरणारे बहुतेक वेळा भुरटे चोर नसतात. संगनमत करून भाव चढवणाऱ्या मोठमोठ्या कंपन्या असतात. तेव्हा कोणा शेठजीच्या लबाडीच्या दंडातून कोणाच्या थडग्यावरची फुले येतात. आपल्या पुराणांत हा न्याय शोभला असता.

योजनेचा कायदा झाला २००० साली आणि नियम यायला २००६ उजाडले, हे सांगायला हवे. सरकारी कागद अमेरिकेतही बैलगाडीनेच प्रवास करतो. त्याबद्दल त्यांनी एक केले. २१ डिसेंबर १९८८ पासूनच्या जुन्या घटनांनाही दार उघडे ठेवले. ही तारीख लॉकरबीची. त्या दिवशी स्कॉटलंडमधल्या या लहानशा गावावर पॅन ॲमचे विमान बॉम्बने फुटून कोसळले आणि २७० माणसे गेली, त्यांत गावातली अकरा. मैलोगणती शेतांतून प्रवाशांचे कपडे, पुस्तके, नाताळच्या भेटी विखुरल्या होत्या. पोलिसांचा तपास झाल्यावर गावातल्या बायकांनी ते मातीने, रक्ताने, तेलाने भरलेले कपडे धुतले, इस्त्री केले, घड्या घातल्या आणि नातेवाइकांकडे पाठवून दिले. दरपत्रकात ‘हरवलेल्या वस्तू’ असा रकाना आहे. या धुण्यासाठी रकाना नाही. बायकांनी बिलही केले नव्हते.

या योजनेवर माझा राग असेल तर तो एका ठिकाणी आहे. ७ ऑगस्ट १९९८ रोजी नैरोबीतल्या अमेरिकन वकिलातीमागे बॉम्ब भरलेला ट्रक उडवण्यात आला. दोनशेंहून अधिक माणसे मेली. त्यांत अमेरिकन बारा. योजनेच्या नियमाप्रमाणे बळी म्हणजे अमेरिकेचा नागरिक, किंवा अमेरिकन सरकारचा नोकर, मग तो कोणत्याही देशाचा असो. या दुसऱ्या कलमामुळे वकिलातीतला केनियन कारकून आणि पहारेकरीही पात्र ठरतो, हे चांगलेच झाले. पण खेटून असलेली उफुंडी हाऊस ही इमारत जमीनदोस्त झाली. तिच्यात चिटणिसी कामाचे शिक्षण देणारे विद्यालय होते. तिथे टंकलेखन शिकायला आलेली मुलगी कोणाची नोकर नव्हती. बॉम्ब तिच्यासाठी नव्हताच. तो ज्यांच्यासाठी होता त्यांच्या भिंतीशेजारी तिचा वर्ग भरत होता एवढेच. केनियाला अमेरिकेने मदत केली ती निराळी, दोन सरकारांमधली. त्या मुलीच्या बापाला मात्र या अर्जाच्या पहिल्याच रकान्याशी थांबावे लागेल. प्रत्येक सरकारने आपापली माणसे पाहावीत, हा जगाचा रिवाज आहे आणि तो मी जाणतो. मग प्रश्न उरतो तो त्यांचा, ज्यांचे सरकार पाहत नाही.

इंग्रजांचे सरकार पुष्कळ दिवस पाहत नव्हते. ७ जुलै २००५ रोजी लंडनच्या गाड्यांत बॉम्ब फुटले तेव्हा जखमींना घरच्या कायद्याप्रमाणे पैसे मिळाले. सोळाच दिवसांनी इजिप्तमध्ये शर्म अल-शेख येथे हल्ला झाला. तिथे मेलेल्या ब्रिटिश प्रवाशांच्या घरच्यांना त्या कायद्याप्रमाणे काहीही नाही, कारण तो कायदा ब्रिटनच्या भूमीपुरता. प्रवासाचा विमा काढला असेल, तर त्यात दहशतवाद वगळल्याचे बारीक अक्षरांत छापलेले असायचे. २००८ साली आपल्या ताजमहाल हॉटेलच्या खिडकीतून चादरींच्या दोराने उतरताना लंडनचा एक तरुण पडला आणि कायमचा चाकाच्या खुर्चीत बसला. तो आणि त्याच्यासारखे इतर सरकारच्या मागे लागले. शेवटी २०१२ साली परदेशातल्या दहशतवादाच्या बळींसाठी तिकडे योजना आली आणि २००२ पासूनच्या काही घटनांनाही ती लागू झाली. फ्रेंचांनी हे १९८६ सालीच केले होते. तिथे घराचा, मोटारीचा विमा उतरवणारा प्रत्येक माणूस हप्त्याबरोबर काही युरो या निधीला देतो आणि फ्रेंच नागरिक पॅरिसमध्ये सापडला काय किंवा परदेशात, दोन्ही सारखेच. फ्रेंचांचे मला नवल वाटत नाही. समतेचा उच्चार करणे आणि त्याचा कर बसवणे या दोन्ही गोष्टी त्यांना जमतात.

आता आपल्याकडे येऊ. दहशतवादाच्या बळींच्या कुटुंबांसाठी मध्यवर्ती सरकारची एक योजना २००८ पासून आहे. आधी ३ लाख रुपये होते, २०१६ साली ५ लाख झाले. रक्कम एकदम हाती न देता तीन वर्षे बँकेत मुदतठेवीत ठेवायची आणि व्याज कुटुंबाला द्यायचे, अशी तिची मूळ रचना. ती करणारा कोणी जाणता असावा. एकरकमी पैसा आला की कोणते दीर, कोणते मेहुणे कोठून उगवतात हे त्याला ठाऊक होते. परंतु या योजनेचे लांबलचक नाव शेवटपर्यंत वाचावे. त्यात शेवटी ‘भारतीय भूमीवरील’ असे शब्द येतात. इंग्रजांचा घोळ होता तोच.

आणि आपला माणूस भूमी सोडून किती जातो! आखातातल्या बांधकामावरचा गवंडी, जहाजावरचा रत्नागिरीचा खलाशी, नर्सा, सुतार, स्वयंपाकी. २०१४ साली इराकमधले मोसुल शहर पडले तेव्हा तिथल्या बांधकामावर काम करणारे चाळीस भारतीय मजूर पकडले गेले. एक निसटला. बाकीचे ३९ जिवंत आहेत की नाहीत हे जवळपास चार वर्षे कोणी खात्रीने सांगू शकले नाही. २०१७ साली आयाबापांच्या आणि भावांच्या रक्ताचे नमुने घेण्यात आले. मार्च २०१८ मध्ये संसदेत निवेदन झाले, आणि २ एप्रिलला हवाई दलाचे विमान ३८ शवपेट्या घेऊन अमृतसरला उतरले. दुसऱ्या दिवशी पंतप्रधानांनी प्रत्येक कुटुंबाला १० लाख रुपये जाहीर केले.

जाहीर केले, हेच क्रियापद आपल्याकडे वापरतात. आणि रकमेचे नाव ‘सानुग्रह अनुदान’. अनुग्रहासह, म्हणजे कृपा करून दिलेले. १० लाख ही काही तुच्छ रक्कम नव्हे आणि देणाऱ्याच्या हेतूवर मी शिंतोडा उडवत नाही. पण कृपेला नियम नसतो. वर्तमानपत्रांत गाजले तर कृपा होते. एकटादुकटा कोणी कोठल्या परक्या बाजारात बॉम्बने उडाला आणि त्या दिवशी इकडे निवडणुकीची धामधूम असली तर ती होईलच असे नाही. अमेरिकन विधवेला अर्ज नाकारला गेला तर कारण विचारता येते. आपल्या विधवेने काय विचारायचे? कृपा का झाली नाही म्हणून?

अमेरिकेचे दरपत्रक जसेच्या तसे उचलून इकडे आणावे, असेही मला म्हणायचे नाही. खर्चाची परतफेड ही ज्याने खर्च केला त्याची सोय. मोसुलच्या मजुराच्या घरी खर्च झाला होता तो तो जाण्यापूर्वी, जमीन गहाण टाकून एजंटाला मोजलेला, आणि एजंट पावती देत नाही. मेल्यानंतरचे बिल त्या घरात थोडके. न आलेली मनीऑर्डर हेच मोठे. अमेरिकन नियमांनी बुडालेला पगार वगळला, तो अशा घराच्या बाबतीत वगळला तर उरते काय?

यासाठी आपल्याकडे शब्द होता. पेशवाईच्या दप्तरांत ‘बालपरवेशी’ आढळते. लढाईत पडलेल्या शिपायाच्या मुलाबाळांच्या पोटासाठी करून दिलेली नेमणूक. त्यात शिपायाची किंमत केलेली नाही, आणि त्याच्या जखमांच्या मलमपट्टीची यादीही मागितलेली नाही. मुले लहान आहेत, ती जेवली पाहिजेत, एवढ्यावर ती उभी आहे. मोसुलच्या कुटुंबांना पंजाब सरकार वाट पाहण्याच्या काळापासून दरमहा काही देत होते. तो निर्णय घेणाऱ्यांना हा शब्द ठाऊक असण्याचे कारण नाही, पण कल्पना तीच. शव आणण्याचा, दोघा नातेवाइकांच्या प्रवासाचा आणि इस्पितळाचा खर्च अमेरिकन पद्धतीने, लेखी नियमाने. आणि कमावता गेला असेल तर मुले हाताशी येईपर्यंत परवेशी, तीही लेखी. पावतीची अट पहिल्या भागालाच असावी. पैसा कोठून, असे विचारणाऱ्याने अमेरिकेचा दंड आणि फ्रान्सचा हप्ता एकदा पाहून घ्यावा.

थोडी सोय आजही आहे, ती न सांगणे अन्यायाचे होईल. २००९ पासून आपल्या परदेशातल्या दूतावासांत भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. अडलेल्या माणसाचे तातडीचे औषधपाणी, ज्याच्या घरची ऐपत नाही त्याचे शव मायदेशी पाठवणे, अशी कामे त्यातून होतात. मृत्यू दहशतवादाने आला की पहाडावरून पडून, हे तो निधी विचारत नाही. त्यात पैसा येतो तो दूतावासाच्या खिडकीतून. दुबईत पासपोर्ट नवा करून घ्यायला आलेला गवंडी फी भरतो तेव्हा तिच्यात या निधीचे काही दिरहम असतात. दरपत्रकात ते वेगळे दाखवलेले असतात. त्या दिवसाची हजेरी बुडवून आलेला असल्यामुळे ते वाचत बसायला त्याला वेळ नसतो.